मडक्यावर जगवलेली सीताफळं

आमची जमीन हलकी, वीतभर मातीखाली मुरूम. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या बोअरनं पण दम तोडला, तेव्हापासून घरात कुणी झाड लावायचं नावच काढत नव्हतं. तरी मी ६० सीताफळं लावली, बालाघाटाच्या डोंगरात पाणी न देता रानोमाळ येणारं झाड आहे ते. पण रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच, अन् आळ्यात ओतलेली बादली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठं गेली ते कळत नाही.

म्हणून मडकी पुरली. कुंभाराकडून पाच लिटरची साधी मडकी, ५० रुपयाला एक. बुडाला छिद्र वगैरे काही पाडायचं नाही, भाजलेली माती स्वतःच पाझरते. आजूबाजूची माती कोरडी असली की ती पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढणं कमी होतं, म्हणजे झाडाला लागेल तसंच पाणी जातं, हे मला सगळ्यात आवडलं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात ही रीत लिहिलेली आहे, आणि आमची आजी पण गळकं मडकं लिंबाच्या बुडाशीच पुरायची.

रोपापासून वीतभर लांब मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, काठ दोन बोटं वर ठेवायचा म्हणजे माती आत जात नाही, वरून चपटा दगड, नाहीतर डास होतात. भोवती सोयाबीनचं भुसकट जाड अंथरायचं. एका वेळेला ६० मडक्यांना ३०० लिटर, म्हणजे दीड ड्रम, आणि एप्रिलमध्ये सुद्धा चार दिवसांनी भरलं तरी भागलं.

पहिल्या वर्षी बाजारातून रंग दिलेली दहा मडकी आणली होती, ती पाझरलीच नाहीत आणि त्यातली चार रोपं वाळली, फार वाईट वाटलं. आता विकत घेतानाच पाणी भरून तासभर ठेवतो, अंगाला घाम आला तरच घेतो. बोअरच्या पाण्याचे क्षार पण बसतात, वर्षाला काढून काथ्यानं घासावी लागतात. गेल्या मे मध्ये एक काढलं तर पोटाला बारीक पांढऱ्या मुळांची जाळी चिकटलेली, मडक्याचाच आकार घेतलेली, बघतच बसलो.

झाड मोठं झालं की मडकं पुरत नाही, तिथं ठिबकच पाहिजे, अल्पभूधारकाला सरकारी अनुदान आहे, जरूर घ्या. पण ठिबकला लाईट लागते, फिल्टर लागतो, विहिरीत पाणी लागतं. ज्याच्याकडं टँकरचा एक ड्रमच आहे त्यानं झाड लावायचंच नाही का?

यंदा ४० केसर आंबे लावतोय. कुंभाराला सांगितलंय, मातीत भुसा जरा जास्त घाला आणि वरून घोटून गुळगुळीत करू नका, मृगाच्या आधी लागतील.