आइझनरच्या डिस्नीचा जमाखर्च

मायकेल आइझनर सप्टेंबर 1984 मध्ये पॅरामाउंट हा चित्रपट स्टुडिओ सोडून डिस्नीचा प्रमुख झाला आणि 2005 पर्यंत राहिला. 'फ्रँक वेल्स होता तोवर सगळं छान, तो गेल्यावर घसरण' हे त्याच्याबद्दलचं नेहमीचं भाष्य मला अर्धंच पटतं. युरो डिस्नीचा घोळ झाला तेव्हा वेल्स अध्यक्ष होताच.

सुरुवातीची कमाई कुठून आली ते बघा. पार्कची तिकिटं कित्येक वर्षं स्वस्तच ठेवली होती. ती दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली. फ्लोरिडात कंपनीची जमीन पडून होती, तिथे हॉटेलं उठली. जुने ॲनिमेशनपट काही वर्षांच्या अंतराने थिएटरात आणून कमवायची रीत होती, ते आता व्हिडिओ कॅसेटवर आले. थोडे दिवस विकायचे, मग पुन्हा कुलूपबंद. नफा खरा होता, पण यातलं बरंचसं एकदाच करता येण्यासारखं होतं. पहिल्यांदा कॅसेटवर आलेली 'सिंड्रेला' दुसऱ्यांदा पहिल्यांदा येत नाही.

नव्याने उभं केलेलं म्हणजे ॲनिमेशन. 'द लिटिल मरमेड' (1989) ते 'द लायन किंग' (1994) या काळाचं श्रेय स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि वॉल्ट डिस्नीचा पुतण्या रॉय ई. डिस्नी यांनाही द्यावं लागतं, आणि पुढची भांडणं त्याच श्रेयावरून झाली.

युरो डिस्नी 12 एप्रिल 1992 ला पॅरिसजवळ उघडलं. सहा हॉटेलं, सुमारे 5,200 खोल्या, आणि बांधकामाचा मोठा भाग कर्जावर. हिशेब फ्लोरिडाचा होता: माणूस चार दिवस राहील. पॅरिसहून लोकल रेल्वेने येणारा माणूस संध्याकाळी घरी जातो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पार्कात वाइनला बंदी, तीही फ्रान्समध्ये! युरोपियन लोक बसून नाश्ता करत नाहीत या समजुतीने रेस्टॉरंटं लहान ठेवली आणि 350 खुर्च्यांच्या जागेत अडीच हजार नाश्ते द्यायची वेळ आली. दारू 1993 मध्ये आली, नाश्ताही सुधारला, पण रिकाम्या खोल्यांवरचं व्याज थांबेना. 1994 मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि डिस्नीला पाच वर्षं आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडावं लागलं.

त्याच वर्षी, 1994 च्या एप्रिलमध्ये, वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेला. जुलैत आइझनरची बायपास झाली. वेल्सची खुर्ची न मिळाल्याने कॅट्झेनबर्ग बाहेर पडला आणि त्याची ड्रीमवर्क्स ही स्टुडिओ कंपनी उभी राहिली. त्या खुर्चीवर 1995 मध्ये आला आइझनरचा मित्र मायकेल ओविट्झ. करारातली मेख अशी: गंभीर कसूर सिद्ध न करता काढलं, तर उरलेल्या मुदतीचे पैसे रोख आणि 30 लाख शेअरचे ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) लगेच पक्के. म्हणजे टिकण्यापेक्षा लवकर निघण्यातच फायदा. चौदा महिन्यांत तो सुमारे 13-14 कोटी डॉलर घेऊन गेला. भागधारक कोर्टात गेले; डेलावेअरच्या कोर्टाने संचालकांच्या कारभारावर ताशेरे ओढले, पण जबाबदार धरलं नाही.

आइझनरची सर्वांत शहाणी खरेदीही 1995 चीच. 19 अब्ज डॉलरना कॅपिटल सिटीज/एबीसी ही टीव्ही कंपनी घेतली. गाजावाजा एबीसीचा झाला, सोन्याची खाण निघाली सोबत आलेली क्रीडावाहिनी ईएसपीएन. केबलवाले दर ग्राहकामागे दरमहा ठरलेली रक्कम देतात, मग त्या घरात कुणी मॅच बघो वा न बघो.

शेवटी मात्र सगळ्यांशीच वाकडं झालं. जानेवारी 2004 मध्ये पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचा प्रमुख स्टीव्ह जॉब्सने डिस्नीशी चाललेली बोलणी तोडली, डिस्नीने ओरलँडोचा ॲनिमेशन स्टुडिओ बंद केला. मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत सुमारे 43 टक्के मतं आइझनरला नाकारली गेली, तेव्हा चेअरमनपद गेलं. आघाडीवर रॉय डिस्नीच होता, ज्याने 1984 मध्ये त्याला आणण्यासाठी जोर लावला होता.

आइझनरनंतर प्रमुख झालेल्या बॉब आयगरने 2006 मध्ये पिक्सार 7.4 अब्ज डॉलरना घेतली, रोख नव्हे, शेअर देऊन. त्या शेअरला जे वजन होतं, त्यात ईएसपीएनचा वाटा मोठा होता. आयगरही एबीसीसोबतच आला होता.