अकरा वाजता काढलेला माणूस

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही नव्याने करत होतो. सॅम्पल शहरभरच्या सेंटरांवर घ्यायची, रिपोर्ट एकाच ठिकाणी तयार व्हायचे. लॉगिन कसं ठेवायचं यावरून आमच्या विजयनगरच्या ऑफिसात दोन तट पडले होते. टीममधला धाकटा जेडब्ल्यूटीच्या, म्हणजे लॉगिन झाल्यावर ब्राउझरला मिळणाऱ्या सही केलेल्या डिजिटल पासच्या (टोकनच्या) बाजूने. त्याचं म्हणणं, टोकनवर सर्व्हरची सही असते, ती तपासली की झालं, दर वेळी डेटाबेसला कशाला त्रास? २०१५ पासून त्याचं रीतसर स्टँडर्डही आहे. मला साधं सेशनच बरं वाटत होतं: कोण लॉगिन आहे याची नोंद आपल्याकडे ठेवायची आणि दर वेळी ती बघायची.

डेमोला लॅबच्या मॅनेजर काकू आल्या. हिशेब त्यांच्याकडे आणि माणसंही त्यांच्याकडेच. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एकच विचारलं, "मी अकरा वाजता कोणाला कामावरून काढलं, तर अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याला रिपोर्ट दिसतील का?"

"नाही काकू, खातं बंद केलं की संपलं," धाकटा म्हणाला.

"मग करून दाखव ना, बेटा."

त्याने एका लॅपटॉपवर रिसेप्शनिस्टचं खातं उघडलं, दुसऱ्यावरून ते बंद केलं. नव्याने लॉगिन होईना, इथवर ठीक. पण आधीच उघड्या असलेल्या स्क्रीनवर काकूंनी स्वतःच पुढच्या पेशंटवर क्लिक केलं. हिमोग्लोबिन, शुगर, सगळं मुकाट्याने समोर आलं. टोकनची मुदत होती चोवीस तास, आणि सही खरी असल्यावर सर्व्हर हरकत घेणार कशाला?

मग उपाय निघाले. मुदत पंधरा मिनिटांवर आणायची आणि ती संपली की नवं टोकन मागायला एक रिफ्रेश टोकन द्यायचं. पण तीही पंधरा मिनिटंच की! किंवा रद्द टोकनांची यादी ठेवून प्रत्येक रिक्वेस्टला ती बघायची. म्हणजे टोकन घेऊन जे वाचवलं ते परत खर्चायचं. वीस-पंचवीस वेगवेगळ्या सर्व्हिस असत्या तर मीही टोकनच घेतलं असतं. आमच्याकडे सर्व्हर एक, डेटाबेस एक. तेव्हा सेशन ठरलं, नोंद पुसली की माणूस बाहेर: सेशनचा आयडी ब्राउझरच्या एचटीटीपी-ओन्ली कुकीत, म्हणजे पानावर घुसलेल्या परक्या स्क्रिप्टला तो वाचता येत नाही. कुकी ब्राउझर आपणहून पाठवतो, म्हणून परक्या साइटने तिच्या जोरावर खोटी रिक्वेस्ट पाठवू नये (याला सीएसआरएफ म्हणतात) यासाठी कुकीला सेमसाइटची अट आणि इतर बंदोबस्त वेगळा करावा लागला. फुकट काहीच मिळत नाही.

धाकटा जरा हिरमुसला. पण पुढचा घाव आम्हा दोघांवरही होता. काकू सहज म्हणाल्या, "तसा पासवर्ड सगळ्यांचा एकच आहे, काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवलाय."

आता काढायचं कोणाला? प्रत्येकाला वेगळं खातं द्या म्हटलं, तर काकू उसळल्या. सकाळी सातला उपाशीपोटी माणसं रांगेत उभी असतात, तेव्हा दर वेळी लांबलचक पासवर्ड कोण टाकणार? रास्त होतं. शेवटी असं ठरलं: दिवसातून एकदा पूर्ण पासवर्ड, नंतर प्रत्येकाचा आपापला सहा आकडी पिन. तो फक्त नोंदवलेल्या काउंटरच्या मशीनवर चालणार, पाच वेळा चुकला की बंद. स्क्रीन पाच मिनिटांत लॉक होईल असं मी म्हणत होतो. "लहान मुलाची शीर सापडायलाच तेवढा वेळ जातो," म्हणत काकूंनी दहा मिनिटं करून घेतली.