तुम्ही विचारलंत म्हणून: घरी नॅस कुठला घेऊ?

जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, "फोटो ठेवायला नॅस कुठला घेऊ?" हे मला कुणी ना कुणी विचारतंच. जून 2021 मध्ये गूगल फोटोजची फुकट, अमर्याद जागा बंद झाली, तेव्हापासून जरा जास्तच. नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला, दिवसरात्र चालू असणारा डिस्कांचा डबा. घरातले सगळे फोन-लॅपटॉप त्यावर फायली टाकतात. विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, यातलं काय गेलं तर रडू येईल?

मला आलं होतं. दोन खणांचा डबा, चार-चार टीबीच्या दोन डिस्क, रेड 1 लावलेलं: एकीवर लिहिलं की दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी आहे, म्हणून मी निर्धास्त. एका रविवारी आवराआवर करताना 'ओव्या' नावाचं फोल्डर डबल झालंय असं वाटून उडवलं. डबल नव्हतं. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या त्यात. दोन्ही डिस्कांनी त्या इमानेइतबारे एकदमच पुसल्या. रिसायकल बिन 'उगाच जागा खातो' म्हणून मीच बंद करून ठेवला होता. मामेबहिणीला कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या अकरा तेवढ्या परत मिळाल्या. एकीत आई मधेच थांबून विचारते, "चालू आहे का रे ते?"

रेड हा बॅकअप नव्हे, हे वाक्य मी त्याआधी दहा ठिकाणी वाचलं होतं. डिस्क मेली तर रेड वाचवतं. हात चुकला, रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, डबाच चोरीला गेला, तर नाही.

म्हणून आधी पैसे डब्याबाहेर ठेवायच्या तिसऱ्या, बॅकअपच्या डिस्कला ठेवा, मग डब्याचं बघू. खटपटीची हौस असेल तर जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाका, मजा येते. नसेल तर सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचा तयार डबा बरा. फक्त त्यात स्नॅपशॉटची, म्हणजे फायली त्या क्षणी जशा होत्या तशा नोंदवून ठेवायची, सोय आहे का ते बघून घ्या. उडवलेलं फोल्डर कालच्या स्नॅपशॉटमधून उचलता येतं. आमच्याकडे हौसेचा डबा होता. मी बाहेरगावी असलो की बायकोचा फोन यायचा, "तुझं ते काळं खोकं परत टीं-टीं करतंय." आता तयार डबा आहे.

डिस्क घेताना सीएमआर आहे का विचारा, म्हणजे माहितीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणारी; एसएमआर नको. एसएमआर डिस्कवर माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. नवी डिस्क घालून रेड पुन्हा उभं करायची वेळ आली की त्या रडतखडत चालतात. राउटरचं पोर्टही बघा. गिगाबिट असेल तर सेकंदाला शंभर-एकशे दहा एमबी मिळतात, जुनं शंभर मेगाबिटचं असेल तर अकरा-बारा. मग डबा कितीही भारी असो. वीज फार नाही: वीस वॉट धरले तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट. पण यूपीएस हवाच. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाते, तेव्हा यूपीएसची यूएसबी केबल डब्याला जोडलेली असली की तो स्वतःच शिस्तीत बंद होतो. आणि बाहेरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये इंटरनेटवरून थेट आत यायची वाट (तिलाही पोर्टच म्हणतात) उघडून ठेवू नका; त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी, कुलूपबंद रस्ता, वापरा.

माझी तिसरी डिस्क नाशिकला भावाकडे असते. खरं तर अशा दोन आहेत, आलटून-पालटून: गणपतीत एक नेतो, दिवाळीत ती आणून दुसरी ठेवतो. एन्क्रिप्ट केलेली आहे, पासवर्ड बायकोच्या वहीत. वहिनी ती कपाटात पैठणीच्या घडीखाली ठेवते. मागच्या दिवाळीला विचारत होती, "भाऊजी, एवढं काय आहे हो यात?"

म्हटलं, आईच्या अकरा ओव्या.