टेबल सॉवरून फळी परत आली तेव्हा

ऑगस्टमधली दुपार होती. ऐरोलीतल्या आमच्या रो हाउसच्या पार्किंगमध्ये मी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या करवतीवर, पाइनची तीन फुटी फळी लांबीत चिरत होते. शेवटचा वीतभर भाग राहिला असताना मशीनचा आवाज एकदम जड झाला. पुढचं मला दिसलंच नाही. धाडकन आवाज आला तेव्हा फळी माझ्या उजव्या कुशीला घासून मागच्या गेटवर आदळली होती. गेटच्या पत्र्याला पडलेला खड्डा अजून आहे. कुशीवर तळहाताएवढं काळंनिळं झालं, ते जायला तीन आठवडे लागले. दहाही बोटं शाबूत राहिली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ते मशीन घरच्या फर्निचरच्या वेळी सुताराकडून बनवून घेतलेलं होतं. प्लायचं टेबल, खाली उलटं आवळलेलं लाकूड कापायचं सात इंची हातमशीन आणि वर उघडं पातं. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असलं की असं टेबल हमखास दिसतं. रोज त्यावर काम करणाऱ्यांचा हात बसलेला असतो, तरी त्यांनाही इजा होतातच. माझा तर हातही बसलेला नव्हता.

शेजारच्या गल्लीत एक मिस्त्री काका राहतात. आयुष्यभर सुतारकाम केलं, आता निवृत्त आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं. मला वाटलं आधी मशीन बघतील, पण त्यांनी ती फळी मागितली. खिशातली स्टीलची पट्टी काढून चिरेत घातली. तोंडाशी अडकली, आत मात्र सैल फिरली. म्हणाले, "हे बघ, चीर मिटली. पावसातलं लाकूड आहे, त्याच्या पोटात ताण असतो. चिरत गेलीस की दोन्ही फाका एकमेकींकडे येतात आणि पात्याला चिमटा बसतो."

मग त्यांनी प्लग काढला, पातं बोटानं हळूहळू फिरवून दाखवलं. आपल्याकडचे दात वरून खाली येतात, लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे, मागचे दात खालून वर येतात. कापणं पुढच्या दातांनी होऊन गेलेलं असतं. पण लाकूड जरासं जरी मागच्या दातांवर दाबलं गेलं, तर ते उचललं जातं आणि पात्याच्या वेगानं आपल्या अंगावर येतं. याला किकबॅक म्हणतात. मी इतके दिवस पुढच्या दातांकडे डोळे लावून उभी होते आणि धोका मागून येत होता. शिवाय मी उभी होते अगदी पात्याच्या रेषेजवळ.

ते टेबल मी त्याच आठवड्यात मोडलं. पैसे साठवून दिवाळीनंतर दहा इंची टेबल सॉ घेतला. त्याच्या पाटीवर मिनिटाला ४,८०० फेरे लिहिलेत. पात्याचा व्यास २५४ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात दात साधारण ८० सेंटिमीटर जातो. गुणाकार केला तर दाताचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास निघतो. हा आकडा मी कागदावर लिहून मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे.

नव्या मशीनमध्ये माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली लोखंडी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याबरोबर वरखाली होते. चिरलेल्या दोन फाकांमध्ये शिरून ती चीर मिटू देत नाही, त्यामुळे मागच्या दातांना लाकूड सापडत नाही. पण तिची जाडी जुळली पाहिजे. पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ. मी व्हर्नियरनं मोजलं: पत्रा १.८ मिमी, चीर २.८, पट्टी २.३. उद्या पातळ चिरेचं पातं आणलं तर ही पट्टी चिरेत शिरणारच नाही, हे लक्षात ठेवायला हवं. मध्ये येते म्हणून ती काढून ठेवणारे बरेच आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, काढू नका.

मग फेन्स, म्हणजे ज्या गाइडला टेकवून फळी सरकवतो ती. प्लग काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला. पात्याच्या एका दातावर मार्करनं खूण केली. तो दात पुढे असताना टेबलावरच्या खाचेपासून अंतर मोजलं, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं. पातं सरळ होतं. फेन्स मात्र मागच्या टोकाला अर्धा मिलिमीटर आत येत होती. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण फळी जितकी पुढे जाते तितकी ती पात्याच्या मागच्या दातांवर रेटली जाते. म्हणजे ताण नसलेलं लाकूडही फेकलं जाऊ शकतं. ते जुळवण्यात माझा अख्खा रविवार गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

उभं राहायची सवय बदलायला सर्वांत जास्त वेळ लागला. फेन्स पात्याच्या उजवीकडे, म्हणून मी डावीकडे उभी राहते. डावा हात पात्याच्या पुढे जात नाही, म्हणजे जातच नाही. उजव्या हातात प्लायचा पुश ब्लॉक. त्याला मागे टाच केली आहे, ती फळीच्या शेपटाला अडकते आणि फळी पातं ओलांडून पार जाईपर्यंत ढकलता येते. पातं लाकडाच्या वर जेमतेम दातभर ठेवते. बंद केल्यावर माझं पातं थांबायला अकरा सेकंद लागतात, तोवर पलीकडचा तुकडा उचलायचा नाही. आडवा काप घेताना तुकडा फेन्सला टेकलेला नको, तो मध्ये अडकून उडतो. फेन्स किंवा दुसऱ्या एखाद्या गाइडशिवाय नुसत्या हातानं तर कधीच कापायचं नाही.

सासूबाईंनी काळजीपोटी जाड हातमोजे आणले. घालणार नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. मोज्याचा धागा दातात सापडला तर हात ओढला जातो, हे सांगितल्यावर पटलं. मग त्यांनीच विचारलं, "आणि तुझी ओढणी?" तेव्हापासून ओढणी, बांगड्या काढून घरात, केस बांधलेले, मंगळसूत्र ड्रेसच्या आत.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते. जुन्या मशीनला भिंतीवरचं साधं बटण होतं. लाइट गेल्यावर बटण बंद करायला विसरलं आणि हात पात्याशी असताना लाइट आली, तर पातं फिरू लागणार. नव्याला नो-व्होल्ट स्विच आहे. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. घरगुती टेबल वापरणाऱ्यांनी निदान हा स्विच तरी बसवून घ्यावा.

लाकडाबद्दल एवढंच. भंगारातून माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या आणते. त्यांवर एचटी असा छाप बघते, म्हणजे त्या औषध न मारता उष्णता देऊन प्रक्रिया केलेल्या असतात. लोहचुंबक फिरवून खिळे शोधते. वाकडी कड आधी रंध्यानं सरळ करते, कारण फेन्सला टेकणारी कड सरळ नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. आणि मास्क. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला आहे.

जानेवारीत काकांना बोलावून पहिली लांब फळी चिरली. तीही पावसाळ्यातच आणलेली होती, ताणाची. निम्म्यावर गेल्यावर आवाज जड झाला, तसाच. पोटात गोळा आला. पण हात सुटला नाही. डाव्या गुडघ्यानं बंदचं बटण दाबलं, फळी तशीच धरून ठेवली आणि अकरा सेकंद मोजले. पातं थांबल्यावर वाकून पाहिलं तर दोन्ही फाका मिटून रायव्हिंग नाइफला गच्च आवळून बसल्या होत्या. काकांनी चिरेत सागाची छोटी पाचर ठोकली, बाजूला झाले आणि म्हणाले, "हं, आता चालू कर."