बंडीखालचा डोळा

मंगळवार, रात्री साडेदहा

तो झोपला नव्हता.

दुपारी बैलबाजारात, बाभळीपाशी सोडलेल्या बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली, दुपट्टा तोंडावर अर्धा ओढून तो आडवा होता. झोपलाय असंच मी धरून चाललो आणि तीन फ्रेम घेतल्या. आता संगणकावर सावली उचलली, म्हणजे उजळली, शंभर टक्क्यांवर मोठं करून पाहिलं, तर दुपट्ट्याच्या काठाखाली डोळा उघडा. सरळ लेन्सकडे. तिन्ही फ्रेममध्ये.

बाजारात हे कळणं शक्यच नव्हतं. मिरगाच्या आधीच्या या उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आपल्याच पांढऱ्या शर्टाशिवाय काही दिसत नाही. बंडीबाहेरची तापलेली माती आणि बंडीखालची सावली यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अशा वेळी उजेड सांभाळायचा असतो. पांढरं एकदा जळालं की त्यातून पुढे काही निघत नाही. काळ्यात मात्र पुष्कळ दडलेलं राहतं, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची, असेल तर. म्हणून एक्स्पोजर -१ वर, म्हणजे कॅमेरा सुचवतो त्यापेक्षा एक स्टॉप गडद, ठेवलं होतं. गवळाऊ जातीच्या पांढऱ्या बैलांच्या पाठी, धोतरं, टोप्या, सगळं शाबूत आलं. बंडीखाली काळोख आला, आणि त्या काळोखातून तो मला पाहत होता.

(दिवाळीनंतर कापसाच्या ढिगापुढे हेच उलटं करायचं. फ्रेम पांढऱ्यानेच भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर तिला राखाडी समजतो आणि कापूस मळका उतरतो. तिथे +१ द्यावं. आणि लेन्सवर बसलेली रुई, धूळ कधी रुमालाने पुसू नये. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग कापड. मातीचा कण काचेवर घासला की ओरखडा कायमचा.)

दुसरी चूक बिनआवाजी शटरची. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की टक होत नाही, माणूस सावध होत नाही. दुकानातल्या एलईडीच्या उजेडात त्याने पट्टे येतात, जोरात पळणारी वस्तू तिरपी होते, हे ठाऊक असूनही बाजारात मी तेच वापरतो. आज वाटतंय, आवाज झाला असता तर त्याने काही केलं असतं. तोंड फिरवलं असतं, हात केला असता, "काहून जी?" म्हणाला असता. त्याला बोलायला जागाच ठेवली नाही.

व्हिव्हियन मायर या बाईंनी शिकागोच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फोटो काढले. पोट भरायला त्या लोकांची मुलं सांभाळत. २००७ साली त्यांच्या पेट्या लिलावात निघाल्या, २००९ मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतर ते काम जगापुढे आलं. त्यांचा रोलिफ्लेक्स कॅमेरा कमरेपाशी धरायचा, वरून खाली मान घालून पाहायचा. समोरच्याला आपल्याकडे कोणी पाहतंय असं वाटतच नाही. माझ्या कॅमेऱ्याची उघडणारी स्क्रीन तीच सोय देते, शिवाय गुडघे वाचतात. तेवीस एमएमची लेन्स, एफ/८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), फोकस हाताने अडीच मीटरवर बांधून टाकायचा. साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, मशीनने फोकस शोधण्याची वाट पाहावी लागत नाही. शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद होऊ द्यायचं नाही. या वयात हात थोडा हलतोच, आणि १/६० ला तो फोटोत दिसतो.

पण मायरबाईंना त्या गर्दीत कोण ओळखत होतं? इथे बाजाराच्या तोंडाशीच "रामराम जी" सुरू होतो. कॅमेरा वर गेला की माणसं ताठ होतात, टोपी नीट करतात, लेकराला पुढे ढकलतात. त्यावर उपाय म्हणजे लवकर जाणं आणि एकाच जागी थांबणं. पहिला अर्धा तास सगळे आपल्याकडे पाहतात, मग सौद्याकडे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तेव्हा लेन्स हातांवर नेऊ नये, तिथे नुसतं कापड येतं. दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये घ्यावेत. आकडा आधी तिथे उमटतो.

नोकरी होती तोवर माणसं आपणहून येत, टेबलापाशी उभी राहत. आता माणूस बघायला मलाच बाजारात जावं लागतं, तेही मध्ये काच धरून. संध्याकाळी ही विचारत होती, आज काय मिळालं. मी सांभार (कोथिंबीर) आणि लिंबं पुढे केली.

परत तोच डोळा. त्यात राग आहे का, म्हणून तासभर बघतोय. राग दिसत नाही. दुपट्टा आणखी दोन बोटं ओढला असता तर तोंड झाकलं असतं, ओढला नाही. फोटोत मागे जोडी दिसते, शिंगं रंगवलेली, कासरा बंडीच्या चाकाला. फाइलवर वेळ तीन वाजून दहा मिनिटं. जोडी त्या वेळी तिथेच बांधलेली. एवढंच फोटोत आहे, याच्या पुढचं मी जोडू नये.

त्याने मला बघितलं आणि काढू दिलं. हे मला पटायला लागलंय. बोलावलं नाही, हाकललंही नाही. अशी मोकळीक कोणी दिली तर परतफेड करावी लागते, आणि ती कागदावरच होते. चार बाय सहाचा प्रिंट काढायचा. माझ्या सेन्सरचं प्रमाण तीनास दोन, त्यामुळे काही कापावं लागत नाही. प्रश्न सावलीचा आहे. ती जशी आली तशी ठेवली तर तो झोपलेला दिसतो, फोटोही जास्त भरीव वाटतो. +४० वर उचलली की स्क्रीनवर डोळा दिसतो, पण कागद स्क्रीनपेक्षा गडद उतरतो, तिथे तो पुन्हा बुडेल. सगळीच सावली +६० केली तर बंडीखालची माती राखेसारखी फिकी पडते, दाणे उठतात. तेव्हा बाकी काळोख राहू द्यायचा आणि फक्त दुपट्ट्याच्या काठापाशी ब्रशने हलकं उचलायचं. डोळा उघडा आहे हे त्याला त्याच्या प्रिंटवर दिसलं पाहिजे.

आधी एक चाचणी प्रत मॅट कागदावर, दिवसाउजेडी पाहायची. पुढच्या मंगळवारी सकाळी शटर आवाजाचं लावून बाभळीपाशी.