तुंबले: ४.९, ५.१० आणि ६.१ वर एकच कमांड (नोंद तिसरी)

मागच्या नोंदीत माझी 'तुंबले' कमांड चालतेय म्हणून मिरवलं होतं. चालत होती, पण फक्त डेबियन १२ (लिनक्स कर्नल ६.१) च्या डंपवर, म्हणजे मशीन पडताना घेतलेल्या मेमरीच्या प्रतीवर. कर्नल ५.१० चा व्हीएमकोर (तशाच डंपची फाइल) उघडला आणि पहिल्याच टास्कला आपटली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: 'तुंबले' ही ड्रॅगन (स्पेलिंग डीआरजीएन) या डीबगरवर लिहिलेली छोटी पायथन कमांड आहे. डी स्टेटमध्ये (सहजी न मोडणाऱ्या झोपेत) अडकलेले टास्क, कुठल्या सीपीयूवर, किती वेळ, एवढंच दाखवते. चाचणीला तीन व्हर्च्युअल मशीन आहेत: डेबियन ९ (४.९), ११ (५.१०) आणि १२ (६.१). प्रत्येकीत एक चिमुकला सी प्रोग्रॅम व्हीफोर्क करतो, म्हणजे पोर-प्रोसेस काढून तिच्यासाठी थांबतो. पोर झोपतं, आणि ते उठेपर्यंत बाप डी मध्ये. मग मशीन मुद्दाम पाडायचं आणि केडंपनं (पडताना डंप काढणारी सोय) लिहिलेला व्हीएमकोर उचलायचा.

पहिलं भांडण नावाचं. टास्क-स्ट्रक्ट या कर्नलमधल्या टास्कच्या नोंदीतल्या 'स्टेट' या मेंबरला (खान्याला) ५.१४ मध्ये पुढं दोन अंडरस्कोर लागले. मी सरळ व्हर्जन बघून इफ टाकला. उद्यमनगरात लेथवर काम करणारा मित्र चहाला आला होता, स्क्रीन बघून म्हणाला, "भावा, पाटीवरचं मॉडेल वाचून बुश काढत नसतोय. व्हर्नियर लाव." कर्नल कशाशी खातात त्याला माहीत नाही, पण बोलला ते खरं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ च्या कर्नलचा आकडा शेवटपर्यंत ४.१८ च, आत मात्र नव्या कर्नलमधून उचललेले ढीगभर बदल. म्हणून आता आकडा बघत नाही, हे मेंबर आहे का ते हॅज-मेंबरनं टाइपलाच विचारतो.

याच गडबडीत कोड एका क्लासमध्ये हलवला आणि चालणारं ६.१ सुद्धा बंद पडलं! मेंबर आहे म्हणतो, वाचायला गेलं की नाही म्हणतो. तीच ओळ प्रॉम्प्टवर चिकटवली की चालते. रात्रीचा दीड वाजला. शेवटी एरर अक्षर न् अक्षर वाचली: मेंबरच्या नावापुढं माझ्या क्लासचं नाव चिकटलेलं. क्लासच्या आत दोन अंडरस्कोरनं सुरू होणारं नाव दिसलं की पायथन ते गुपचूप बदलतो. नाव स्ट्रिंग म्हणून मेंबर-फंक्शनला दिलं आणि विषय मिटला.

मग 'स्टेट'च्या किमती, म्हणजे वेगवेगळ्या खुणांच्या बिटांची बेरीज. तोच व्हीफोर्कवाला बाप ४.९ वर १३०, ५.१० वर २५८ आणि ६.१ वर ८४५०. ४.१४ मध्ये वेककिलचा (मारायच्या सिग्नलनं उठणारा) बिट १२८ वरून २५६ वर सरकला, ६.१ मध्ये फ्रीझेबलचा (गोठवता येणारा) ८१९२ भरीला आला. अनइंटरप्टिबलचा (डी स्टेटचा) २ तेवढा जागेवर आहे, त्यामुळं बरोबरीची तुलना काढून फक्त तो बिट तपासतो. तसं केल्यावर ५.१० वर रिकामटेकडे केवर्कर (कर्नलचे कामकरी धागे) धो धो यायला लागले. ते १०२६, म्हणजे २ अधिक नोलोडचा (लोडमध्ये न धरायचा) १०२४. नोलोड दिसला की वगळायचं.

सीपीयूचा आकडा ४.९ मध्ये थ्रेड-इन्फो या दुसऱ्या नोंदीतून टास्क-स्ट्रक्टात नांदायला आला होता, ५.१६ ला परत माहेरी गेला. अर्धा तास त्यावर घालवल्यावर कळलं, ड्रॅगनमध्ये यासाठी टास्क-सीपीयू हेल्पर आयता आहे. माझा कोड पुसला.

आता तिन्ही डंपवर बाप सापडतो. 'किती वेळ'चा कॉलम अजून लंगडा आहे. लास्ट-स्विच-टाइम हे मेंबर ४.९ मध्ये नाहीच, आणि पुढच्या दोघांतही ते हंग-टास्कचा (अडकलेले टास्क शोधणारा) धागा फेरी मारेल तेव्हाच हलतं, म्हणजे डीफॉल्टनं १२० सेकंदांनी. तिथं आकड्याआधी 'सुमारे' छापतो. ४.९ वर आडवी रेघ.