तुम्ही विचारलंत म्हणून: हे मंडळ काहून?

"संघटनेची पावती फाडता, सरकारी प्रशिक्षणं चुकत नाहीत, मग पदरचे पैसे भरून रविवारी त्या गणित मंडळात काहून जाता जी?" स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आता घरचेही विचारू लागलेत. सांगूनच टाकते.

प्रमाणपत्र मिळत नाही. 2020च्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, त्यात आमचे तास कोणी धरत नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीला उपयोग शून्य. संघटना हवीच, पगार लांबला की आपण तिथंच धावतो. पण तिच्या सभेत पाचवीच्या पोराची वही कोणी उघडत नाही. आणि दीक्षा या सरकारी ॲपवरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारे मी पाहिलेत. मीही निवडलीय, नाही कशाला म्हणू?

मंडळात येताना मुलाचं चुकलेलं उत्तर आणायचं, एवढाच नियम. एकदा 1/2 + 1/3 = 2/5 आलं. आम्ही सगळे लागलो छेद समान करायला. उमरेडकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका ताईंनी रद्दी पेपरच्या सारख्या पट्ट्या फाडल्या. "याच्याकडं अर्धी होती, वर तिसरा हिस्सा मिळाला, आणि सगळं मिळून अर्ध्याहून कमी? चूक म्हणू नका, पट्टी हातात द्या." मी वर्गात दिली. पोरगं पट्टीकडं बघत म्हणालं, "मॅडम, मग मधली कोणी खाल्ली?" तेव्हापासून छेदाचा नियम मी उशिरानं सांगते.

याच ताई. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. ताई 2003 साली लागलेल्या, टीईटीची अट 2010 ची. पुढच्या बैठकीला त्या आल्या त्या वहीऐवजी गाईड घेऊन. मागच्या बाकावर बसून अ-ब-क-ड वर खुणा करत होत्या. समोर अपूर्णांकच चालले होते. मान वर नाही. मी म्हटलं, "ताई, इथं तरी नको." त्या म्हणाल्या, "तुमची चार वर्षं उरलीत मॅडम, माझी तेरा." खरंच होतं ते. पाचाहून कमी वर्षं उरलेल्यांना टीईटी लागणार ती पदोन्नतीलाच; ती हौस नसली तर मी त्यातून सुटले होते. त्यानंतरची चर्चा कोणाच्याच डोक्यात शिरली नाही.

शिक्षकाला तपासूच नये, असं मी म्हणणार नाही. काही वर्गांत काय चालतं ते मलाही दिसतं. पण 150 प्रश्न, 150 गुण. त्यात पट्टी फाडणाऱ्या बाईला कुठली खूण मिळणार?

मंडळानं परीक्षेच्या नादी लागू नये, त्याला क्लासवाले आहेत, हे मीच ठासून सांगायची. आता टीईटीतल्या गणिताच्या 30 गुणांसाठी रविवार द्या म्हणून मीच भांडतेय. काही सभासद माझीच जुनी वाक्यं माझ्या तोंडावर मारतात. मारू देत. ती वाक्यं मला अजूनही पटतात, हीच तर पंचाईत आहे.

ताईंची यंदाची वर्गणी आलेली नाही. मी म्हटलं, विषयच काढू नका. खजिनदार म्हणतात, मग बाकीच्यांकडून कोणत्या तोंडानं मागू? त्यांचंही बरोबर आहे.